रविवारी येताना लेकराचं एक पान लिहून आणा

आपल्या विशेष लेकरांच्या (बौद्धिक अपंगत्व, ऑटिझम वगैरे असलेल्या) सर्व पालकांना नमस्कार.

येत्या रविवारी सकाळी ११ वाजता लातूरला, नेहमीच्या जागी बैठक आहे. औसा-निलंग्याकडच्यांनी लवकरची एसटी धरावी. लेकरांना सोबत आणा.

प्रत्येकाने एक पान लिहून आणायचं आहे. लेकराला दुखलं की ते कसं दाखवतं, कशाला बिचकतं, फिटची गोळी कोणती आणि किती वाजता. माझ्या मुलाने मागे चार दिवस जेवण सोडलं होतं. एका दवाखान्यातून ‘ही मुलं हट्टीच असतात’ म्हणून परत पाठवलं. तो सारखा उजवा गाल चोळत होता. दाढेत पू झाला होता! हे पान तेव्हा हातात असतं तर कुणी तोंड तरी उघडून बघितलं असतं. हे पान केसपेपरला जोडावं आणि आपल्या लेकरांना रांगेत ताटकळत ठेवू नये, एवढ्या दोनच मागण्यांचं निवेदन जिल्हा शल्यचिकित्सकांना द्यायचंय. सह्या लागतील.

निरामय या अपंगांसाठीच्या सरकारी आरोग्य विम्याचं नूतनीकरण दरवर्षी करावं लागतं, विसरू नका. वर्षाला १ लाख रुपयांपर्यंतचं संरक्षण आहे, त्यात ओपीडी आणि थेरपीही येते. यूडीआयडी कार्डाची (अपंगत्वाच्या ओळखपत्राची) झेरॉक्स आणा.

ज्यांची मुलं १८ पूर्ण झाली, त्यांनी बैठकीनंतर थांबावं. आई-बाप आहोत म्हणून कायद्याने आपोआप पालकत्व राहत नाही; १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली जिल्हाधिकाऱ्यांच्या स्थानिक समितीकडे अर्ज करावा लागतो. अर्ज तिथेच बसून भरू.