घोडदळ संपले नाही, पायउतार झाले

मा. संपादक,
स.न.वि.वि.

आपल्या पुरवणीत अमेरिकेच्या यादवी युद्धावर (1861-65) आलेला लेख मनापासून आवडला. पण त्यातल्या घोडदळाच्या परिच्छेदाबद्दल लिहिल्यावाचून राहवत नाही. ‘रायफल आली आणि घोडदळाचे दिवस भरले’ हे विधान अर्धेच खरे आहे. आणि गेटिसबर्गला उत्तरेच्या जनरल बुफर्डच्या स्वारांनी सात गोळ्यांच्या स्पेन्सर कार्बाइनने (स्वारांच्या आखूड बंदुकीने) शत्रू थोपवला, हे साफ चुकीचे आहे.

आधी रायफलचे पाहू. गुळगुळीत नळीच्या जुन्या बंदुकीचा नेम शंभर यार्डांपलीकडे लागत नसे. 1861च्या स्प्रिंगफील्ड रायफलची (आतून आटे पाडलेल्या नळीच्या बंदुकीची) निमुळती मिनी गोळी तीनशे यार्डांवरही माणूस पाडी. चौखूर घोड्याला तीनशे यार्ड कापायला अर्धा-पाऊण मिनिट लागते, तेवढ्यात सराईत शिपाई दोनदा बार काढतो. घोड्यासारखे मोठे निशाण चुकणेही अवघड. हे सगळे खरे, पण व्हर्जिनियातली दाट झाडी आणि शेताशेताला घातलेली लाकडी कुंपणे यांनीही घोडदौडीला तितकेच जखडले होते. शिवाय उत्तरेच्या सेनापतींनी सुरुवातीला घोडदळाच्या तुकड्या पायदळात वाटून टाकल्या आणि स्वारांना निरोप्ये आणि पहारेकरी करून ठेवले. फेब्रुवारी 1863मध्ये उत्तरेचा सेनापती हुकर याने आपले सगळे स्वार एका कोअरखाली, म्हणजे एका स्वतंत्र मोठ्या दलाखाली, आणले, तेव्हा चित्र पालटू लागले.

पालटले म्हणजे काय, ते 1 जुलै 1863च्या सकाळी गेटिसबर्गच्या पश्चिमेला दिसते. बुफर्डकडे दोन ब्रिगेड होत्या, तीन हजारांच्या आत स्वार. त्यांनी हल्ला केला नाही, घोडे मागे नेऊन पायी लढले. त्याची रीत ठरलेली होती. रांगेत एक ते चार असे आकडे मोजायचे. पहिले तिघे खाली उतरत आणि आपल्या घोड्याच्या गळ्यातला जोडपट्टा शेजारच्या घोड्याच्या लगामाला अडकवत. चौथा स्वार खोगिरावरच बसून चारही घोडे टेकाडाआड नेई. म्हणजे गोळी सुटण्याआधीच चौथा हिस्सा माणसे लढाईतून वजा! घोडे फार मागे ठेवले तर माघारीच्या वेळी माणसे उघड्यावर सापडत. जवळ ठेवले तर तोफगोळ्याने बिथरलेली चार जनावरे एकट्याला आवरत नसत.

या स्वारांच्या हातात शार्प्ससारख्या, मागून भरायच्या पण एकेक गोळीच्या कार्बाइन होत्या. शार्प्सचा दांडा खाली ओढला की ठोकळा सरकतो. कागदी किंवा कापडी काडतूस आत सारून दांडा वर केला की त्या ठोकळ्याचीच धार काडतुसाचे शेपूट कापते. मग बार पेटवणारी धातूची टोपी बसवायची आणि चाप ओढायचा. हे सगळे आडवे पडून करता येते. पुढून भरायच्या बंदुकीला गज ठासावा लागतो, त्यासाठी बहुधा उभे राहावे लागते. बुफर्डचा फायदा एवढाच होता, पण उत्तरेच्या रेनॉल्ड्सचे पायदळ येईपर्यंत दक्षिणेच्या हेथची डिव्हिजन थोपवायला तो पुरला. स्पेन्सर कार्बाइन बाजारात आली ती त्या शरद ऋतूत. गेटिसबर्गला स्पेन्सरच्या लांब रायफली होत्या त्या उत्तरेच्याच कस्टरच्या मिशिगन ब्रिगेडमधल्या काही स्वारांकडे. नंतर दक्षिणेच्या हाती स्पेन्सर लागल्या, तरी काडतुसे संपली की त्या निरुपयोगी ठरत, कारण तांब्याचे काडतूस बनवायची सोय दक्षिणेकडे नव्हती.

लेखात जे मुळीच आलेले नाही आणि मला सर्वांत महत्त्वाचे वाटते, ते म्हणजे घोडा कोणाचा होता. मराठी वाचकाला हे दोन शब्दांत कळेल: दक्षिणेचा स्वार शिलेदार, उत्तरेचा बारगीर. दक्षिणेत घोडा स्वाराच्या घरचा, उत्तरेत सरकारचा. दक्षिणेचे सरकार त्याचे दिवसाला 40 सेंट भाडे देई. घोडा लढाईत मेला तर भरपाई मिळे; थकून, लंगडून निकामी झाला किंवा शत्रूच्या हाती पडला, तर काही नाही. मग दुसरा आणायला स्वाराने रजा घेऊन घर गाठायचे. पहिली दोन वर्षे हे फार चांगले चालले, कारण घरचा घोडा सवयीचा आणि स्वार लहानपणापासून खोगिरावर वाढलेला. पुढे घरीच घोडे उरले नाहीत. नाल मिळेनासे झाले, तेव्हा मेलेल्या घोड्यांचे खूर नालांसकट तोडून खोगिराला बांधून नेत.

उत्तरेने जुलै 1863मध्ये घोडदळ खाते उभारले आणि वॉशिंग्टनजवळ गीझबरोला हजारोंची पागा बांधली. तरी जनावरे भराभर खलास होत, कारण एका घोड्याचा रोजचा शिधा 12 पौंड दाणा आणि 14 पौंड वैरण. दहा हजार स्वारांना नुसत्या दाण्यासाठी रोज सहा खेचरांच्या चाळीसएक गाड्या लागत, आणि ती खेचरेही खातच. लांब दौडीत दाणा मागे पडे, खोगीर दिवसेंदिवस उतरत नसे, पाठी सोलवटत, चिखलात खूर सडत. आजारी जनावर तळावर परत आले की ग्लँडर्स हा घोड्यांचा सांसर्गिक रोग पसरे.

घोड्यावरून हल्ला मात्र शेवटपर्यंत मेला नाही. 19 सप्टेंबर 1864ला विंचेस्टरला उत्तरेच्या स्वारांनी तलवारी उपसून दक्षिणेची डावी बाजू मोडली. पण आधी दिवसभर पायदळाने ती फळी खिळखिळी केली होती. एप्रिल 1865मध्ये उत्तरेच्या विल्सनच्या स्वारांनी अलाबामातल्या सेल्माची तटबंदी घेतली ती बहुतांशी पायउतार होऊन, स्पेन्सर चालवत. 8 एप्रिलच्या संध्याकाळी कस्टरने व्हर्जिनियातल्या अपोमॅटॉक्स स्थानकावर दक्षिणेचा सेनापती ली याच्या रसदीच्या आगगाड्या पकडल्या. दुसऱ्या सकाळी लीच्या हाताखालच्या गॉर्डनने उत्तरेच्या शेरिडनच्या स्वारांची फळी मागे रेटली, तर तिच्यामागे उत्तरेचे पायदळ येऊन उभे होते.

आपला,
एक वाचक, सातारा