दुसरी पार्टी गावाला गेली!

महोदय,

घर विकायला काढलं तेव्हा एजंटाचा फोन आला, ‘दुसरी पार्टीही तयार आहे, पण आज संध्याकाळपर्यंत हो म्हणा. किंमत थोडी खाली घ्या.’ ऑफर लेखी पाठवा म्हटलं, तर ती पार्टी म्हणे गावाला गेली! यात स्वभावापेक्षा हिशेबाचा भाग मोठा. कमिशन 2 टक्के असेल, तर वाढवून मिळालेल्या दर 100 रुपयांतले 98 मालकाचे, एजंटाचे 2. तो कशाला ताणून धरेल? शेवटी आम्ही घर दिलं ते कमी आकडा सांगणाऱ्यालाच. त्याच्या हातात बँकेचं कर्जमंजुरीचं पत्र होतं. जास्त आकडा सांगणाऱ्याचं स्वतःचंच घर अजून विकायचं होतं. आलेली प्रत्येक ऑफर तारखेसह, लेखी मालकाला कळवण्याची सक्ती एजंटांवर व्हावी.

– एक घरविक्रेता