पहिल्या प्रयत्नातलंच उत्तर ग्राह्य

मा. संपादक,
स.न.वि.वि.

आपल्या दैनिकात सध्या दहावीची पुरवणी सुरू आहे. पहाटे उठा, मोबाइल लांब ठेवा, नव्वदच्या वर टक्के पडलेल्यांच्या मुलाखती, सगळं वाचते. मुलगा यंदा दहावीला आहे म्हणून वाचतेच, पण खरं कारण दुसरं आहे. गेल्या वर्षी मी स्वतः बसले होते, 17 नंबरचा फॉर्म भरून, म्हणजे शाळेत न जाता बाहेरून. 1997 साली नववी पास झाले आणि शाळा सुटली ती सुटलीच. पुढं लग्न, दोन मुलं, शिलाई मशीन. ब्लाऊज आणि फॉल-पिकोच्या कामातून वेळ काढून अभ्यास केला, 58 टक्के पडले. थोडेच आहेत. पण कुठले मार्क गेले आणि का गेले हे मला नेमकं ठाऊक आहे, कारण निकालानंतर भूगोल आणि विज्ञानाच्या उत्तरपत्रिकांची छायाप्रत मागवली होती.

भूगोलात यंदाही भारत आणि ब्राझील आहे. भौगोलिक कारणं लिहा, प्रत्येकी 3 गुण. अॅमेझॉनच्या खोऱ्यात वस्ती विरळ का, हा माझा पाठ असलेला धडा. मी आख्खं पान भरलं. नदी किती मोठी, पाणी किती, जंगल किती दाट, त्याला जगाची फुप्फुसं का म्हणतात, सगळं. छायाप्रतीत त्या पानाच्या कडेला एकच आकडा होता, 1. आधी राग आला. मग पुन्हा वाचलं तर वस्ती विरळ का, याचं उत्तर पानभर मजकुरात एका ओळीत होतं. लिहायला हवं होतं ते एवढंच: हवा उष्ण-दमट आणि रोगट, अरण्यामुळं रस्ते नाहीत, तिथली साधनसंपत्ती सहज वापरता येत नाही. तीन वाक्यांत तीन मार्क होते. मला विचारलं होतं कारण आणि मी देत होते माहिती. त्याच पेपरात नकाशा रंगवून नटवला आणि सूची, म्हणजे कुठला रंग नि खूण कशाची ते, द्यायची राहिली.

आमच्या वेळी 'कोण कोणास म्हणाले', गाळलेल्या जागा आणि संदर्भासह स्पष्टीकरण, एवढ्यात भागायचं. आता मराठीच्या पेपरला कृतिपत्रिका म्हणतात आणि आकृतिबंध, म्हणजे रिकाम्या चौकटींच्या आकृत्या, पूर्ण करायचे असतात. मला ही पद्धत आवडली, खोटं कशाला सांगू. फक्त प्रत्येक प्रश्नाचा घाट वेगळा आहे आणि तो कुणी उलगडून दाखवत नाही. विज्ञानात सूत्री आणि अर्धसूत्री विभाजनातला फरक आला होता. मी आधी सूत्रीचं सगळं लिहिलं, खाली अर्धसूत्रीचं सगळं. नंतर शेजारच्या एका सरांना पान दाखवलं. त्यांनी कोऱ्या कागदावर मधोमध उभी रेघ मारली. डावीकडं लिहिलं 'दोन पेशी तयार होतात', त्याच्याच समोर 'चार पेशी तयार होतात'. खाली 'गुणसूत्रांची संख्या तेवढीच राहते', समोर 'निम्मी होते'. म्हणाले, ताई, फरक समोरासमोर बसतो, एकाखाली एक नाही. दोन मिनिटांचं काम होतं. परीक्षेआधी कुणी दाखवलं असतं तर!

सगळ्यात जास्त चुटपुट लागली ती एका मार्काची. विज्ञानाच्या पहिल्या प्रश्नात पर्याय निवडायचे असतात. मी ब लिहिलं, शेवटी पेपर तपासताना चूक लक्षात आली, ब वर काट मारून क लिहिलं. क बरोबर होतं. मार्क शून्य. प्रश्नपत्रिकेच्या डोक्यावर सूचनांमध्ये स्पष्ट छापलेलं असतं की बहुपर्यायी प्रश्नात पहिल्या प्रयत्नातलंच उत्तर धरलं जाईल. गणितातही तसंच आहे. सूचना वाचायच्या असतात हे मला माहीत नव्हतं असं नाही, पण अकरा वाजले, पेपर हातात आला की पेन चालायलाच लागतो. पूर्वी पेपर दहा मिनिटं आधी हातात मिळायचा. 2023 पासून ती दहा मिनिटं शेवटी मिळतात. मंडळानं पेपर फुटू नये म्हणून केलं, ते ठीक. पण नुसतं वाचत बसायची सक्तीची दहा मिनिटं गेली ती गेलीच. मी मुलाला सांगितलंय, पहिली पाच मिनिटं पेनाचं टोपण काढायचं नाही. ऐकेल तेव्हा खरं.

मराठीच्या पेपराची तऱ्हा निराळी. तिथं गद्य 18 गुणांचं आणि उपयोजित लेखन 24 गुणांचं, पण गद्य पहिलं येतं म्हणून मी त्यावरच तास घालवला. पत्र, जाहिरात, बातमी, आत्मकथन असा सगळा ऐवज शेवटच्या चाळीस मिनिटांत उरकला. (हे पत्रसुद्धा दिनांक, प्रति, विषय अशा आराखड्यात लिहायला बसले होते. 'विषय' लिहिल्यावर माझं मलाच हसू आलं.)

आणि ते स्वमत. उताऱ्यावर शेवटी तुमचं मत विचारतात, 3 गुण. माझ्याकडं दुपारी शेजारची एक मुलगी अभ्यासाला येऊन बसते, मशीनच्या आवाजात तिचं पाठांतर चांगलं होतं म्हणे. परवा ती डोळे मिटून म्हणत होती, 'माझ्या मते लेखकाने येथे...' मी मशीन थांबवून विचारलं, हे कुणाचं मत? म्हणाली, क्लासच्या सरांचं, झेरॉक्समध्ये दिलंय. धडा आवडला का विचारलं तर म्हणाली, नाही, त्यातला म्हातारा मला अजिबात पटत नाही. का पटत नाही ते तिनं मला चार वाक्यांत सांगितलं, हातवारे करून. तेच लिही म्हटलं तर घाबरली. 'काकू, चालतं तसं?'

माझी विनंती एवढीच. गुणवंतांच्या मुलाखती छापा, पण एखाद्या दिवशी आमच्यासारख्यांचं पान छापा. 3 पैकी 1 पडलेलं खरं उत्तर आणि शेजारी 3 पैकी 3 चं, नाव गाळून. माझी छायाप्रत मी आनंदानं पाठवीन, अॅमेझॉनचं पान आणि सूची नसलेला नकाशासुद्धा. ते जमत नसेल तर निदान गणित आणि विज्ञानाच्या पेपरांच्या आदल्या दिवशी पहिल्या पानावर, ठळक अक्षरात, बहुपर्यायी प्रश्नाची ती एक ओळ छापा.

आपली,
17 नंबरवाली एक परीक्षार्थी, कराड