थाळीच्या बुडाशी काय लिहिले आहे? : केंद्रीय संस्कृती मंत्र्यांना खुले पत्र

मा. केंद्रीय संस्कृती मंत्री यांस,
स. न. वि. वि.

संग्रहालयात नोकरीला लागले त्या पहिल्याच आठवड्यात स्टोअरमधली एक चिनी थाळी माझ्या हातात देऊन सांगण्यात आले, "सांभाळून हं, पंधराव्या शतकातली आहे." नोंदवहीतही तसेच होते. थाळीच्या बुडाशी निळ्या रंगात सहा अक्षरे होती. ती पूर्वी कुणाकडून तरी वाचून घेतलेली असावीत : महान मिंग घराणे, छंगह्वा राजवटीत केलेले. छंगह्वाचा काळ १४६५ ते १४८७. प्रश्न मिटला!

तो मिटलेला नाही हे मला कळायला पाच वर्षे लागली. मिंगनंतरच्या छिंग घराण्यातल्या कांगशी सम्राटाच्या कारकिर्दीत, १६७७ साली, जिंगदेजेन या चीनमधल्या चिनीमातीच्या गावातल्या कारागिरांना भांड्यावर चालू सम्राटाचे नाव घालायला मनाई झाली. भांडे फुटले तर राजाचे नाव उकिरड्यावर पडेल, ही त्यामागची भीती. मग कारागीर जुन्या मिंग राजांची नावे घालू लागले. त्यात फसवणुकीपेक्षा जुन्याबद्दलचा आदरच जास्त असे. म्हणजे अक्षरे बरोबर वाचली तरी काळ दोनशे वर्षांनी चुकू शकतो. खरे काय ते भांड्याच्या बुडाच्या कडेची उघडी माती, निळ्याची छटा आणि हाताला लागणारे वजन सांगते. आमच्या थाळीने ते सांगितलेही, पण फलक काही बदलला नाही. 'हे ठरवण्याचा अधिकार कोणाचा?' या शेऱ्यावर फाइल थांबली. अधिकार असणारे कोणी नव्हतेच.

महोदय, या पत्रात मी फक्त एक पद मागते आहे.

चिनी कलेचा क्युरेटर, म्हणजे सरकारी कागदावरचा अभिरक्षक, तयार व्हायला दहा-पंधरा वर्षे लागतात. त्याला अभिजात चिनी वाचता यायला हवी, आणि ती आजच्या बोलीहून बरीच वेगळी असते. माती, रोगण, रेशीम, जेड यांची जाण हवी. ती पुस्तकातून येत नाही, हजारो वस्तू हाताळून येते. आपल्याकडे मात्र हा माणूस आज नाणी, उद्या शस्त्रे, परवा कार्यक्रमांच्या खुर्च्या असा फिरतो. मीही फिरले. खुर्च्या चांगल्या मांडता येतात मला.

'आपल्याला चिनी कलेशी काय करायचे?' हा प्रश्न मला नातेवाइकांपासून वरिष्ठांपर्यंत सर्वांनी विचारला आहे. घरातल्या लोणच्याच्या बरणीलाही आपण चिनीमातीचीच म्हणतो, हे उत्तर पुरत नाही. म्हणून मी पर्सिव्हल डेव्हिड यांचे नाव घेते. हा माणूस १८९२ साली मुंबईत जन्मला. त्याने चिनी शिकून हजाराहून जास्त चिनी भांडी जमवली आणि १९५० मध्ये लंडन विद्यापीठाला देऊन टाकली. आज ती ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत. त्यात हत्तीच्या मुंडक्यांचे कान असलेले दोन उंच कलश आहेत. त्यांच्या मानेवरच्या लेखात दात्याचे नाव आणि १३५१ सालची तिथी आहे. त्या एका लेखाच्या आधाराने चौदाव्या शतकातली निळी-पांढरी भांडी ओळखता येऊ लागली. त्या संग्रहावर मार्गारेट मेडली या एकाच क्युरेटरने दोन दशकांहून जास्त काळ काम केले. त्यांची बदली नाण्यांच्या दालनात झाली नाही.

संग्रह तर आपल्याकडेही आहेत. मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात टाटांनी दिलेल्या चिनी वस्तू आहेत, हैदराबादला सालारजंग संग्रहालय आहे. पण आपल्या अखत्यारीतले सर्वांत मोठे धन आहे ते दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात : पुरातत्त्व संशोधक ऑरेल स्टाइनने मध्य आशियातून आणलेल्या वस्तू आणि त्यांत वायव्य चीनमधल्या दुनहुआंगच्या लेण्यांतली रेशमावरची बौद्ध चित्रे. चित्र कोणी, कुणाच्या पुण्यासाठी करवले, हे त्यांतल्या अनेकांवर चिनी अक्षरांत लिहिलेले असते.

या चित्रांची सूची १९३१ मध्ये प्रसिद्ध झाली, लंडनची आणि दिल्लीची एकत्र. ती आर्थर वेली यांनी केली. ते १९१३ मध्ये ब्रिटिश म्युझियममध्ये लागले आणि नोकरीत राहूनच चिनी व जपानी शिकले. चीनला ते आयुष्यात कधी गेले नाहीत. त्यांना मिळाली ती बसायला जागा, समोर वस्तू आणि वेळ. आपण पगार देतो, वेळ देत नाही.

हे काम शिकू शकणारी मुलेही आहेत. पुण्यात माझ्याकडे अधूनमधून एक मुलगी येते. तिने एचएसके या चिनी भाषेच्या परीक्षेच्या चार पायऱ्या पार केल्या आहेत, मूर्तिशास्त्रही शिकली आहे. मी तिला काय सांगू? अखेर चाकणच्या एका कारखान्यात ती दुभाषी म्हणून लागली. पगार माझ्या पहिल्या पगाराच्या कितीतरी पट. रविवारी येते आणि माझ्याकडचे थाळ्यांचे फोटो उलटेपालटे करून बघत बसते.

गलवाननंतर चीनचे नाव काढले की बैठकीत घसे खाकरले जातात, हे मी अनुभवले आहे. शेजाऱ्याशी भांडण असेल तर त्याची भाषा वाचणारी माणसे जास्त लागतात, कमी नव्हे. आणि दुनहुआंगच्या चित्रातला बुद्ध इथूनच तिकडे गेला होता.

आता राष्ट्रीय संग्रहालय 'युगे युगीन भारत' या नावाने नॉर्थ आणि साउथ ब्लॉकमध्ये उभे राहणार आहे. वस्तू हलवायच्या म्हणजे एकेक वस्तू हातात घ्यावीच लागेल, उलटी करून पाहावी लागेल. अशी वेळ पिढीत एकदा येते. तेव्हा या पेट्या भरल्या जाण्याआधी चिनी व मध्य आशियाई संग्रहासाठी एक कायम पद मंजूर करा. त्याच्या पात्रतेत अभिजात चिनी असू द्या. पहिली दहा वर्षे बदली नको, आणि हाताखाली दोन शिकाऊ असू देत. चाकणची ती मुलगी अर्ज करील, हे मी तिला न विचारताच लिहिते आहे.

कळावे, लोभ असावा.

आपली,
निवृत्तीला दोन वर्षे उरलेली एक क्युरेटर

ता. क. थाळीच्या फलकावर अजूनही पंधरावे शतकच आहे.