मुली हरल्या, हे मैदानावर कुणाला माहीतही नव्हतं

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारी, २९ जून २०२५ ला, बर्लिनमध्ये भारताच्या महिला हॉकी संघाने चीनविरुद्धचा सामना २-३ असा गमावला आणि प्रो लीग या नऊ संघांच्या आंतरराष्ट्रीय साखळी स्पर्धेत तळाला राहून आपला संघ त्या स्पर्धेतून बाहेर पडला. बातमी आपल्या अंकात होती. क्रीडा पानावर खाली, चार ओळींची. मी ती दोनदा वाचली आणि नेहमीच्या वेळी मैदानावर गेलो.

शाळेतून क्रीडाशिक्षक म्हणून निवृत्त होऊन मला आठ वर्षं झाली. तरी सकाळी सहाला मैदानावर गेल्याशिवाय चैन पडत नाही. सतरा-अठरा मुली हॉकीच्या सरावाला येतात. आमचं मैदान मुरमाचं. मुरमावर चेंडू कधी उडेल याचा नेम नसतो, म्हणून मुली स्टिक जरा उभी धरून चेंडू अडवतात. पुढे टर्फवर, म्हणजे कृत्रिम गवताच्या मैदानावर, गेल्या की हीच सवय मोडायला महिने जातात. त्या दिवशी वॉर्मअप झाल्यावर मी सगळ्यांना गोलात बसवलं आणि विचारलं, "काल काय झालं, कळलं का?" सगळ्या एकमेकींच्या तोंडाकडे बघायला लागल्या. एकीने विचारलं, "कुठं होती मॅच, सर?" पायाला शिनगार्ड बांधत बसलेली दुसरी म्हणाली, "वैष्णवीताई खेळल्या का?"

ज्या मुलीने हे विचारलं तिच्या वहीच्या पहिल्या पानावर वैष्णवी फाळकेचा वर्तमानपत्रातून कापलेला फोटो चिकटवलेला आहे. वैष्णवी आमच्या फलटण तालुक्यातल्या आसूची, शेतकऱ्याची मुलगी. पुण्याच्या क्रीडा प्रबोधिनीत घडली आणि आज भारताच्या मधल्या फळीत खेळते. आमच्याच भागातली ऋतुजा पिसाळ आघाडीच्या फळीत. एका तालुक्याच्या टापूतल्या दोन मुली देशाच्या संघात आहेत. तो संघ जूनभर युरोपात हरत होता आणि त्यांच्याच वाटेने जाऊ बघणाऱ्या पोरींना याचा पत्ता नव्हता. मी त्यांना दोष देत नाही. त्यांना कुणी सांगितलंच नाही.

हा महिना कसा गेला ते लिहितो, कारण फार थोड्यांनी तो पाहिला. लंडनमध्ये ऑस्ट्रेलियाविरुद्ध दोन आणि अर्जेंटिनाविरुद्ध दोन, अँटवर्पमध्ये बेल्जियमविरुद्ध दोन, बर्लिनमध्ये चीनविरुद्ध दोन. आठ सामने, विजय एकही नाही. नुसता निकालांचा तक्ता बघितला तर वाटेल की मुली गेल्या आणि मार खाऊन आल्या. तसं झालेलं नाही. १५ जूनचा ऑस्ट्रेलियाविरुद्धचा सामना मी मोबाईलवर पाहिला. तिसऱ्याच मिनिटाला आपला गोल झाला, आणि तो वैष्णवीचा. मी खुर्चीतून उठलो. घरात दुसरं कुणी बघत नव्हतं, म्हणून स्वयंपाकघरात जाऊन बायकोला सांगितलं, "आसूच्या पोरीने गोल केला गं." मध्यंतरानंतर ऑस्ट्रेलियाने बरोबरी केली. तरीही आपल्या मुली हटल्या नाहीत. एक गुण पदरात पडणार, बरोबरीनंतरच्या शूटआउटमध्ये (एकटी खेळाडू विरुद्ध गोलरक्षक) कदाचित दुसराही, असं वाटत असताना अगदी शेवटच्या मिनिटाला गोल बसला. १-२. आदल्या दिवशीही ऑस्ट्रेलियाशी एकाच गोलाने हरलो होतो. अर्जेंटिनाशी दुसऱ्या सामन्यात २-२ अशी बरोबरी साधली आणि शूटआउटमध्ये हरलो. चीनविरुद्धचा शेवटचाही एकाच गोलाचा. दम कुठे कमी पडतो, शेवटच्या पाच मिनिटांत बचावफळी का विस्कटते, पेनल्टी कॉर्नर का वाया जातात, यावर जाणकारांनी रान उठवायला हवं होतं. मी वाट बघत राहिलो.

आमचा व्हॉट्सॲपवर एक ग्रुप आहे. जुने खेळाडू, शिक्षक, मुलींचे काही पालक, असे साठेक जण. २ ऑगस्ट २०२१ ची सकाळ या ग्रुपमधला कुणीच विसरलेला नाही. टोकियो ऑलिम्पिकची उपांत्यपूर्व फेरी, साडेआठला सामना, समोर ऑस्ट्रेलिया. गुरजीत कौरचा एक गोल आणि गोलात सविता पुनिया भिंतीसारखी उभी. १-० ने जिंकलो तेव्हा फोन सारखा वाजत होता, लोक रडत होते, एकाने पेढ्यांच्या खोक्याचा फोटो टाकला होता. चार दिवसांनी ब्राँझच्या सामन्यात ब्रिटनशी ३-४ असे हरलो. ०-२ वरून मध्यंतराला ३-२ अशी आघाडी घेऊन हरलो. तेव्हासुद्धा ग्रुपवर दिवसभर बोलणं चालू होतं. कुणी चिडलं होतं, कुणी समजूत घालत होतं, कुणी पहाटे उठून पाहिल्याचं सार्थक झालं म्हणत होतं. परवाच्या रविवारी मी त्याच ग्रुपवर लिहिलं, "आपण प्रो लीगमधून बाहेर." रात्रीपर्यंत पंचेचाळीस जणांनी वाचलं होतं. उत्तर एकच आलं, हात जोडल्याचं चिन्ह. त्यानंतर कुणाच्या तरी नातवाच्या वाढदिवसाचा केक आला.

मला हरण्याचं इतकं काही वाटत नाही. पन्नास वर्षं हॉकी बघतोय, हरणं पचवायला शिकलोय. पण हे हात जोडणं मला रात्रभर लागून राहिलं.

लोक असे एका दिवसात थंड होत नाहीत, हे मलाही कळतं. टोकियोनंतर आशा फार वाढल्या होत्या. २०२२ च्या विश्वचषकात आपण नववे आलो. मग जानेवारी २०२४ मध्ये रांचीत, आपल्याच देशात, आपल्याच प्रेक्षकांसमोर पॅरिसची पात्रता फेरी झाली. उपांत्य सामन्यात जर्मनीशी शूटआउटमध्ये हरलो, तिसऱ्या जागेसाठी जपानशी ०-१ ने हरलो आणि ऑलिम्पिकचं दार बंद झालं. त्या रात्री अनेकांचा जीव या संघातून निघाला तो पुन्हा गुंतलाच नाही. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये राजगीरला याच मुलींनी चीनला १-० ने हरवून आशियाई चॅम्पियन्स ट्रॉफी जिंकली, दीपिकाचा गोल. यंदा, फेब्रुवारी २०२५ मध्ये, भुवनेश्वरला ऑलिम्पिक विजेत्या नेदरलँड्सला शूटआउटमध्ये हरवलं. हे दोन्ही सामने आमच्या ग्रुपवर कितीजणांनी पाहिले? मी विचारलं तर दोघे निघाले. जिंकल्या तेव्हाही आपण नव्हतो, हरल्या तेव्हाही नाही.

पुरुषांचा संघही याच जूनमध्ये लागोपाठ सात सामने हरला. शेवटी बेल्जियमला ४-३ ने हरवून कसाबसा आठव्या जागेवर राहिला. त्यावर निदान थोडी आदळआपट झाली. टीव्हीवर चर्चा झाली, प्रशिक्षकांना प्रश्न विचारले गेले. मुलींच्या वाट्याला तेवढाही राग आला नाही.

राग म्हणजे काय हेही स्पष्ट लिहितो, कारण त्या नावाखाली भलतंच खपवलं जातं. टोकियोत अर्जेंटिनाशी हरल्यावर हरिद्वारजवळ वंदना कटारियाच्या घरासमोर काही जणांनी फटाके फोडले, तिच्या कुटुंबाला जातीवरून शिव्या दिल्या. चारच दिवस आधी तिने दक्षिण आफ्रिकेविरुद्ध हॅट्‌ट्रिक केली होती. ऑलिम्पिकमध्ये अशी कामगिरी करणारी ती पहिली भारतीय महिला. त्यानंतरही ती देशासाठी खेळत राहिली आणि एप्रिल २०२५ मध्ये ३२० सामने खेळून निवृत्त झाली. त्या लोकांना हॉकीप्रेमी म्हणू नका. ज्याला खेळाची कळकळ असते तो खेळाडूच्या दारात जात नाही, संघ चालवणाऱ्यांच्या दारात जाऊन जाब विचारतो. मला तो राग हवा आहे.

यात माझाही वाटा आहे, तो लपवत नाही. बेल्जियमशी पहिला सामना १-५ ने गेला तेव्हा मी मध्येच मोबाईल बंद केला होता. "आता काय बघायचं" असं म्हटलं होतं. ज्या दिवशी मी तो बंद केला त्या दिवशी मीही त्या पंचेचाळीस जणांतला एक होतो. म्हणूनच बर्लिनचे दोन्ही सामने शेवटच्या शिट्टीपर्यंत पाहिले.

प्रो लीगमधून बाहेर पडणं ही नुसती अब्रूची गोष्ट नाही. या लीगमध्ये वर्षाला सोळा सामने मिळायचे, आणि तेही नेदरलँड्स, अर्जेंटिना, बेल्जियम, ऑस्ट्रेलिया अशा संघांशी. त्यांच्याशी खेळूनच वेग अंगात मुरतो. आता नेशन्स कप ही खालच्या पायरीवरची स्पर्धा जिंकून पुन्हा वर यावं लागेल. ती पायरी आपल्याला नवी नाही. डिसेंबर २०२२ मध्ये वॅलेन्सियात स्पेनला १-० ने हरवून याच वाटेने आपण वर आलो होतो. पण तोवर मोठ्या संघांशी सामने कुठून आणणार, दौरे कोण ठरवणार, सराव सामन्यांसाठी पैसा कुठून येणार, हे प्रश्न देशातली हॉकी चालवणाऱ्या हॉकी इंडिया या संघटनेला आजच विचारायला हवेत. ओडिशा सरकार २०१८ पासून दोन्ही राष्ट्रीय संघांच्या पाठीशी उभं आहे, त्याचं ऋण मोठं आहे. पण ज्या महाराष्ट्रातून या मुली जातात तिथल्या तालुक्याच्या मैदानावर टर्फ कधी येणार, हा प्रश्न आपल्या राज्याचा आहे आणि तो आपणच विचारायचा आहे.

आणि एक पालकांचं. गेल्या आठवड्यात एका मुलीचे वडील मैदानावर आले. भला माणूस, दूध घालून परत जाताना थांबला. म्हणाला, "सर, पोरगी दहावीला आहे. या खेळात आता काय राहिलंय?" मी त्यांना वैष्णवीचं सांगितलं, ऋतुजाचं सांगितलं. ते म्हणाले, "पण पेपरात तर काय येत नाही त्यांचं." माझ्याजवळ उत्तर नव्हतं. मुलगी अजून येते, पण आठवड्यातून तीनच दिवस.

संपादक महाशय, माझी मागणी छोटी आहे. महिला हॉकीची बातमी पदक मिळालं तरच छापू नका. हरल्या तर का हरल्या ते कुणा जुन्या खेळाडूकडून लिहून घ्या, चांगलं ठणकावून लिहू द्या. आणि सामन्याच्या आदल्या दिवशी दोन ओळी छापा: कुठे, किती वाजता, कुठे दिसणार. सप्टेंबर २०२५ मध्ये ५ ते १४ तारखांना चीनमध्ये हांगझोला महिलांचा आशिया चषक आहे. तो जिंकणाऱ्या संघाला २०२६ मध्ये बेल्जियम आणि नेदरलँड्समध्ये होणाऱ्या विश्वचषकात थेट प्रवेश आहे. त्या सामन्यांच्या वेळा आपल्या पानावर आल्या तर मी कात्रण मैदानावरच्या फळ्यावर लावीन. सामना संध्याकाळी असेल तर मुलींना घरी बोलवीन. आमचा टीव्ही लहान आहे, पण सतरा-अठरा जणी सतरंजीवर बसतील.

आपला,
एक निवृत्त क्रीडाशिक्षक
फलटण, जि. सातारा