जोरहाटला साडेचारलाच दिवे लागतात

संपादक महोदय,

देशात दोन प्रमाणवेळा असाव्यात का, यावर आपल्याकडे आलेली पत्रं वाचली. बहुतेकांचा सूर ‘कशाला नसता घोळ’ असाच. मी मानवत तालुक्यातला कापसाचा शेतकरी. माझी लेक परभणीच्या कृषी विद्यापीठातून पदवी घेऊन आता आसाममध्ये जोरहाटच्या कृषी विद्यापीठात शिकते. दिवाळी झाल्यावर बारा दिवस तिच्याकडे राहून आलो. तोवर माझंही मत तेच होतं.

पहिल्याच दिवशी दुपारचा चहा घेतला, जरा फिरून यावं म्हणून चपला घातल्या, तर बाहेर दिवे लागलेले. घड्याळात साडेचार! घरी फोन केला. बायको म्हणाली, ‘बाया अजून रानातच आहेत, कापसाचं वजन व्हायचंय.’ त्या दिवसांत आपल्याकडं पावणेसहाच्या सुमारास दिवस बुडतो, तिथं चार-वीसला. जोरहाट परभणीच्या १७ अंश पूर्वेला आहे. एका अंशाला चार मिनिटं, म्हणजे इथंच सव्वा तासाच्या आसपास गेला.

लेकीनं एक चहाची बाग दाखवली. फाटकाजवळचं घड्याळ तासभर पुढं. मला वाटलं बिघडलंय. तर तो म्हणे ‘बागान टाइम’. उजेड वाया जाऊ नये म्हणून इंग्रज मळेवाल्यांनी घड्याळ पुढं केलं, ते अजून तसंच चालू आहे. पानं खुडणाऱ्या बाया डोक्याला पट्टा अडकवून, पाठीवर टोपली घेऊन वजनाला उभ्या होत्या. काट्याच्या आकड्यावर नजर खिळलेली, अगदी आपल्या कापूस वेचणाऱ्या बायांसारखी. त्या उजेडी घरी जातात. लेकीची प्रयोगशाळा सुटते पाचला, सरकारी वेळेनं. पोरगी रोज अंधारात खोलीवर येते.

गावही सूर्याच्या मागं चालतं. सातला बाजार आवरायला लागतो. परभणीत उन्हाळ्यात दुपारी रस्त्यावर कुत्रं दिसत नाही, पण ऊन उतरलं की माणूस बाहेर पडतो तो रात्री अकरापर्यंत चहाच्या टपरीवर. ‘जगात जर्मनी, भारतात परभणी’ म्हणणारे आम्ही बोलणार मोठ्यानं. तिकडचा माणूस हळू बोलतो. लवकर दुकान बंद करणारे ते लोक आळशी, असं आमच्या गावात एकानं मला ऐकवलं. त्याचा मला राग आला. जूनमध्ये जोरहाटला चार-वीसला सूर्य उगवतो, तेव्हा मानवतला तांबडंही फुटलेलं नसतं.

वेगळ्या वेळेनं देश तुटेल असं काही जण म्हणतात, ते मात्र मला पटत नाही. १९०६ साली देशाची प्रमाणवेळ आली, तरी मुंबईनं स्वतःची ३९ मिनिटं मागची वेळ १९५५ पर्यंत चालवली. आसामच्या मुख्यमंत्र्यांनी २०१४ साली बागान टाइम राज्यभर लावायचं बोलून दाखवलं होतं. २०१७ मध्ये गुवाहाटी उच्च न्यायालयानं वेगळ्या वेळेची याचिका फेटाळली. रेल्वेच्या रुळांवर दोन वेळांचा घोळ जिवावर बेतेल, ही भीती मलाही खरी वाटते.

पण कचेऱ्या-कॉलेजं तासभर आधी भरवायला घड्याळाला हात लावावा लागत नाही. आपल्याच सरकारनं २०२४ मध्ये, लेकरांची झोप व्हावी म्हणून, चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नका असा आदेश काढला. तिकडच्या केंद्राच्या कचेऱ्यांसाठी दिल्लीनं एवढं तरी करावं, आणि आपल्या मराठवाड्यातल्या खासदारांनी ते संसदेत मांडावं, ही माझी विनंती आहे.

आपला,
एक शेतकरी, ता. मानवत, जि. परभणी