अर्धी गोळी

प्रिय सोने,

परवा फोनवर तू विचारलंस, "आई, त्या बाईला तू सोडवलंस का?" आणि मी विषय बदलला. बसमध्ये होते, शेजारी माणसं होती. पण खरं म्हणजे त्याचं उत्तर मला घाईत द्यायचं नव्हतं. तू फार्मसी शिकते आहेस, तर आता सगळं नीट सांगते.

गृहस्थ म्हातारे, हृदय कमजोर, मूत्रपिंडं थकलेली. डिगॉक्सिन हे हृदयाचं औषध चालू होतं. गोळ्या द्यायचं काम घरी ठेवलेल्या मावशींकडे. एका पहाटे ते गेले. पोस्टमॉर्टेममध्ये काढलेल्या रक्तात डिगॉक्सिन फार निघालं आणि मावशींनी मुद्दाम जास्त गोळ्या दिल्या असा आरोप झाला.

बचावाच्या वकिलांनी तज्ज्ञ म्हणून माझं मत मागितलं आणि फाईल दिली, तेव्हा सीए रिपोर्ट, म्हणजे रासायनिक विश्लेषकाचा रक्ततपासणीचा अहवाल, सगळ्यात वर लावलेला होता. मी आधी पंचनामा काढला. मुद्देमालाच्या यादीत डिगॉक्सिनची पट्टी होती: दोन अख्ख्या गोळ्या आणि एक अर्धी. मग केमिस्टचं बिल शोधलं. दहा गोळ्यांची एक पट्टी, बरोबर तीन आठवड्यांपूर्वीची. डॉक्टरांची चिठ्ठी म्हणत होती, रोज अर्धी, सोमवार ते शुक्रवार. म्हणजे पंधरा दिवसांच्या साडेसात. उरायला हव्यात अडीच. मी तीन वेळा मोजलं. मावशी ब्लेडने गोळी कापून उरलेली अर्धी पट्टीच्या त्याच खाचेत ठेवत, वर फॉइल दाबून.

एवढ्यावरून बाहेरून आणलेल्या गोळ्या दिल्या नसतील असं काही म्हणता येत नाही, आणि हे मी पिंजऱ्यात स्वतःहून सांगितलं. पण त्याच फाईलमध्ये दुसऱ्या डॉक्टरांचं एक बिल होतं. जाण्याच्या पाच दिवस आधी खोकल्यासाठी क्लॅरिथ्रोमायसिन हे अँटिबायोटिक सुरू झालं होतं. त्याने डिगॉक्सिन शरीरातून बाहेर पडायला अडथळा येतो, आणि मूत्रपिंडं थकलेली असली की ते अधिकच साचतं. तुमच्या पुस्तकात हे एका ओळीत असेल. ती ओळ नीट वाच गं.

आणि रक्त घेतलं होतं हृदयातून. जिवंत माणसाच्या रक्तात डिगॉक्सिन मिलिलिटरला २ नॅनोग्रॅमच्या वर गेलं की आपण घाबरतो. इथे आकडा त्याच्या दुपटीहून जास्त होता. पण मृत्यूनंतर हृदयाच्या स्नायूत बसलेलं डिगॉक्सिन पुन्हा रक्तात उतरतं, म्हणून मांडीच्या शिरेतलं रक्त घ्यावं लागतं. ते घेतलेलंच नव्हतं. मग त्या आकड्यावरून पोटात किती गोळ्या गेल्या, हे मीच काय, कुणीही सांगू शकत नाही.

हे मला इतकं ठाम का वाटतं, ते तुला कधी सांगितलं नाही. तू लहान असताना एका खटल्यात सरकारी वकिलांनी विचारलं, "एवढ्या मात्रेने मृत्यू येऊ शकतो का?" मी "हो" म्हणाले. उलटतपासणीत प्रश्न आला, रक्त कुठून घेतलं होतं? मी पाहिलंच नव्हतं. त्या रात्री मला जेवण गेलं नाही. माझ्या एका "हो"वर समोरच्या माणसाचं आयुष्य टांगलेलं होतं. तेव्हापासून मी रिपोर्ट सगळ्यात शेवटी वाचते.

तज्ज्ञाचं मत पूर्वी पुरावा कायद्याच्या कलम ४५ खाली येई. १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष अधिनियमाचं कलम ३९ आहे. कलम बदललं तरी निर्णय न्यायाधीशांचाच. १९८४ साली आपल्या राज्यातल्याच एका सायनाइडच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं होतं की विष देऊन खून म्हणायचा तर हेतू, विषानेच मृत्यू, आरोपीजवळ विष असणं आणि ते देण्याची संधी, हे चारही दाखवावं लागतं. यातल्या फक्त दुसऱ्या गोष्टीवर मी बोलू शकते, तेही नमुना जेवढं बोलू देईल तेवढंच. मावशी सुटल्या. त्या निर्दोष आहेत असं मी कुठेही म्हटलेलं नाही, आणि मला ते माहीतही नाही.

निकालाच्या दिवशी ठाणे कोर्टाच्या जिन्यात त्या गृहस्थांची मुलगी भेटली. मला वाटलं, चिडेल. तिने फक्त विचारलं, "मग बाबा कशाने गेले?" मी म्हणाले, "नक्की सांगता येणार नाही." ती बराच वेळ माझ्याकडे बघत राहिली. मग तिने पिशवीतून वडिलांची सगळी बिलं काढली, नीट रबर लावून ठेवलेली, आणि विचारलं, "ही बघाल का?" आम्ही कोर्ट नाक्यावरून तलावपाळीला गेलो, कठड्यावर बसलो आणि मी पहिल्या बिलापासून वाचायला लागले.

आई